एचआयव्ही आणि मन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात मोठा आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, औषधं मोफत मिळू लागली. २०१७ पासून तर सीडी४ (रक्तातल्या संरक्षक पेशींची संख्या) कितीही असो, निदान झालं की लगेच उपचार सुरू होतात. गोळीनं माणसं जगवली. पण एआरटी केंद्राच्या रांगेत वजन होतं, उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात, 'खोकला आहे का, ताप येतो का' विचारलं जातं आणि 'झोप लागते का' हे बहुतेक वेळा राहूनच जातं. तो राहून गेलेला प्रश्न इथे मध्यभागी आहे. मनाचा त्रास हा एचआयव्हीच्या उपचाराचाच भाग आहे आणि त्यावर इलाज आहे, या ठाम समजुतीतून ही उत्तरं लिहिली आहेत.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. डोकं बधिर झालंय, काहीच सुचत नाही. आता काय करू?

आज काही मोठं करायचं नाही. पहिल्या काही दिवसांत बधिर वाटणं, रडू न येणं किंवा थांबता न येणं, रिपोर्ट खोटा वाटणं, कुणाचा तरी प्रचंड राग येणं, हे सगळं होतं. काहींना तर आधी सुटल्यासारखं वाटतं, कारण महिनोन्‌महिने कशानं आजारी आहोत ते कळत नव्हतं. यातलं काहीही झालं तरी तुम्ही 'कमजोर' ठरत नाही.

या दिवसांत नोकरी सोडणं, लग्न मोडणं, गाव सोडणं, सगळ्यांना एकदम सांगून टाकणं, यातला कुठलाही निर्णय घेऊ नका. निदानाच्या धक्क्यात घेतलेले निर्णय पुढे निस्तरावे लागतात. घाई करायची ती एकाच गोष्टीची: आयसीटीसीमधून (सरकारी एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रातून) एआरटी केंद्रात नाव नोंदवायची. वेळेत गोळी सुरू झाली आणि रोज घेतली, तर एचआयव्ही असलेल्या माणसाचं आयुर्मान इतरांच्या जवळपास जाऊन पोचतं. पहिल्या आठवड्यात हे वाक्य कानावरून जातं, आत उतरत नाही. समुपदेशकाला पुन्हा विचारा, दोनदा विचारा. तेच तर त्यांचं काम आहे.

आणि इंटरनेटवर १९९०च्या दशकातले फोटो बघत रात्र काढू नका. ती उपचार हाताशी नसतानाची माणसं आहेत.

दुःख होणारच. मग ते नैराश्य कधी म्हणायचं?

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर तपासून घ्यायला हवं. त्याच्या जोडीला पहाटे तीन-चारला जाग येणं, जेवणावरची वासना उडणं, अंगात शक्तीच नसल्यासारखं वाटणं, लक्ष न लागणं, सतत स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार येणं, यातलं बरंच काही असतं.

आपल्याकडे नैराश्य अनेकदा अंगदुखीच्या वेषात येतं. 'डोकं जड झालंय', 'छातीत धडधडतं', 'हातापायांतलं त्राण गेलंय', 'अंगात कणकण आहे', अशा तक्रारी घेऊन माणूस या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरतो, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि मनाकडे कुणी वळतच नाही. उलटही होतं. थकवा आणि उदासी रक्तक्षयामुळे, थायरॉइडमुळे, बी१२ कमी असल्यानं किंवा लपलेल्या क्षयरोगामुळे असू शकते. म्हणून 'टेन्शन आहे' म्हणून सोडून देऊ नये आणि नुसत्या टॉनिकवरही भागवू नये. दोन्ही बाजू तपासाव्यात.

एचआयव्ही असलेल्यांनाच हा त्रास जास्त का होतो?

जास्त होतो हे खरं आहे. अनेक पाहण्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक आढळलं आहे. विषाणूमुळे शरीरात सतत चालू राहणारा दाह मेंदूवर परिणाम करतो, हे एक कारण. पण समुपदेशनाच्या खोलीत ऐकू येतात ती कारणं बहुतेक माणसांनी माणसांना दिलेली असतात. नवरा गेला आणि सासरनं घराबाहेर काढलं. भांडी वेगळी ठेवली. दवाखान्यात फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वॉर्डभर कळलं. भावाच्या लग्नात 'तू नको येऊस' म्हणाले.

त्यावर आणखी एक थर असतो. लोक बोलतात तेच माणूस हळूहळू स्वतःबद्दल खरं मानू लागतो. 'माझ्या कर्माची फळं' म्हणणारा माणूस डॉक्टरांकडे जात नाही, कारण त्याला वाटतं आपण मदतीच्या लायकच नाही. एचआयव्ही हा विषाणूचा संसर्ग आहे. तो कसा झाला यावरून माणसाची किंमत ठरत नाही. हे वाक्य कुणीतरी तोंडावर, डोळ्यांत बघून म्हणावं लागतं. नुसतं भिंतीवरच्या पोस्टरवर असून पुरत नाही.

समलिंगी पुरुष, तृतीयपंथी व्यक्ती आणि देहविक्रय करणाऱ्या बायका यांच्यावर तर दुहेरी ओझं असतं, कारण एचआयव्हीच्या आधीपासूनच त्यांना लपूनछपून राहावं लागलेलं असतं. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, पण घरातली भीती निकालानं जात नाही. मुंबईत हमसफर ट्रस्ट, पुण्यात समपथिक ट्रस्ट, सांगलीत संग्राम अशा संस्थांनी या मंडळींसोबत वर्षानुवर्षं काम केलं आहे. तिथे पहिल्याच भेटीत सगळा इतिहास उलगडून सांगावा लागत नाही.

विषाणू मेंदूत जातो म्हणतात. वेड लागेल का?

नाही. विषाणू संसर्गाच्या सुरुवातीच्या काळातच मेंदूपर्यंत पोचू शकतो, हे खरं. तो तिथल्या रोगप्रतिकारक पेशींत राहतो आणि उपचार नसतील तर वर्षांनंतर विसरभोळेपणा, विचार मंदावणं, हालचाली अडखळणं, स्वभावात फरक असे परिणाम दिसू शकतात. उपचाराआधीच्या काळात गंभीर स्मृतिभ्रंश दिसायचा. आता वेळेवर एआरटी घेणाऱ्यांमध्ये तो क्वचित आढळतो. सौम्य तक्रारी मात्र काहींना राहतात: नावं आठवत नाहीत, हिशेबात चुका होतात, दोन कामं एकदम जमत नाहीत. नैराश्य आणि अपुरी झोपही हुबेहूब असंच करतात, त्यामुळे आधी त्यांच्याकडे बघितलं जातं.

एका बाबतीत मात्र थांबू नका. अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं, तीव्र डोकेदुखीबरोबर ताप किंवा उलट्या, मान आखडणं, फिट येणं, एका बाजूची ताकद जाणं, असं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सीडी४ खूप खाली असताना मेंदूचे संसर्ग होतात, त्यांवर औषधं आहेत आणि तिथे उशीर महागात पडतो. अशा माणसाला 'बाहेरचं काहीतरी लागलंय' म्हणून देवऋषीकडे नेण्यात गेलेले दोन दिवस भरून काढता येत नाहीत.

गोळ्यांमुळेच मन बिघडतं का? गोळी सुरू झाल्यापासून विचित्र स्वप्नं पडतात.

काही औषधांनी असं होतं. एफाविरेन्झ हे औषध अनेक वर्षं आपल्याकडच्या एकत्रित गोळीत होतं आणि त्यानं चक्कर, अतिशय खरी वाटणारी स्वप्नं, झोपमोड, काहींना उदासी यायची. म्हणूनच ती गोळी रात्री झोपताना घ्यायला सांगत. आता बहुतेकांना डोल्युटेग्रॅव्हिर असलेली टीएलडी गोळी मिळते. ती पुष्कळ सोसवते, तरी काहींची झोप उडते, काहींना अस्वस्थ वाटतं. डॉक्टरांना विचारून ती सकाळी घ्यायला लागलं की बऱ्याच जणांची रात्र सुधारते.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या उपचारात सायक्लोसेरिन हे औषध असेल, तर घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं. त्यानं तीव्र नैराश्य किंवा भास होऊ शकतात. डॉक्टरांना लगेच कळवलं तर ते औषधात बदल करतात.

गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण 'स्वप्नं पडतात' हे सांगायची लाज वाटून गुपचूप गोळी सोडणारे लोक असतात.

कुणालाच सांगितलेलं नाही. लपवून लपवून जीव थकलाय.

या पानावरचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

लपवण्यात किती कष्ट असतात हे ते करणाऱ्यालाच ठाऊक. डबीतल्या ३० गोळ्या पिशवीत खडखड वाजतात म्हणून आत कापूस कोंबायचा. लेबल नखानं खरवडून काढायचं. विचारलंच तर 'व्हिटॅमिनची आहे' म्हणायचं. पाहुणे मुक्कामाला आले की गोळीची वेळ चुकवायची, नाहीतर पाण्याचा तांब्या घेऊन न्हाणीघरात जायचं. घराजवळचं एआरटी केंद्र सोडून एसटीनं शेजारच्या जिल्ह्यात जायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, तोंडाला ओढणी किंवा रुमाल बांधायचा आणि रांगेत गावचं कुणी दिसलं की आल्या पावली परत फिरायचं. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघंही गोळ्या न घेता घरी गेले, असंही घडतं. दोघांचं गुपित एकच असतं.

हे वर्षानुवर्षं करणारा माणूस खोटारडा नसतो. तो स्वतःला आणि घराला वाचवत असतो. तुमची गोपनीयता हा तुमचा हक्क आहे आणि कुणी 'सगळ्यांना सांगून मोकळा हो' असा सल्ला दिला तर तो ऐकायलाच हवा असं नाही. आपल्या समाजात सांगण्याची किंमत अजून मोजावी लागते.

पण गुपिताचा कुठला भाग तुमचं रक्षण करतो आणि कुठला नुसता गळा आवळतो, हे वेगळं करता येतं. प्रकृती आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) स्थिर असेल तर केंद्रात एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतात का ते विचारा. खेपा कमी झाल्या की निम्मी भीती कमी होते. केंद्र बदलून घेता येतं, त्याची रीतसर सोय आहे. आठवडाभराच्या गोळ्या छोट्या डबीत काढून ठेवता येतात, फक्त मूळ डबीत ओलावा शोषणारी पुडी असेल तर ती फेकू नका. 'कसली गोळी?' याचं एक साधं उत्तर आधीच ठरवून ठेवा, म्हणजे दर वेळी नव्यानं घाबरायला होत नाही.

आणि एक माणूस. गावाला नाही, भावकीला नाही, एका माणसाला सांगा. ज्यानं आजवर तुमच्या इतर गोष्टी पोटात ठेवल्या आहेत, असा. घरात तसं कुणीच नसेल तर ते माणूस समुपदेशक असू शकतं किंवा एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या गटातलं कुणी. महाराष्ट्रात एनएमपी प्लससारखी बाधित व्यक्तींची स्वतःची नेटवर्क आहेत आणि अनेक जिल्ह्यांत त्यांची माणसं भेटतात. 'मला पण' एवढं ऐकायला मिळालं की कित्येकांच्या खांद्यावरचा भार त्याच दिवशी कमी होतो.

नवऱ्याला किंवा बायकोला सांगावंच लागेल का?

जोडीदाराची तपासणी आणि सुरक्षितता यांसाठी सांगणं गरजेचं आहे, पण एकट्यानं सांगायची सक्ती नाही. समुपदेशकाच्या खोलीत, त्यांच्या समोर सांगता येतं. बहुतेकांना तेच सोपं जातं, कारण ओरडा झाला तरी सावरणारं कुणीतरी असतं. एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार डॉक्टर किंवा समुपदेशक तुमच्याशी आधी बोलल्याशिवाय, तुम्हाला कल्पना दिल्याशिवाय जोडीदाराला परस्पर सांगू शकत नाहीत. आणि सांगितल्यावर मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती एखाद्या बाईला असेल, तर तिच्या संरक्षणाची तरतूद त्याच कायद्यात आहे. ही भीती समुपदेशकाला स्पष्ट शब्दांत सांगा.

मी कुणालातरी संसर्ग देईन या भीतीनं बायकोजवळ जात नाही, पोरांना मांडीवर घेत नाही.

पोरांना आजच मांडीवर घ्या. मिठी, मुका, एका ताटात जेवण, एक संडास, एक टॉवेल, यांतून एचआयव्ही पसरत नाही.

जोडीदाराबद्दल: रोज गोळी घेऊन व्हायरल लोड इतका कमी झाला की तपासणीत सापडत नाही आणि तो तसाच टिकला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. 'सापडत नाही म्हणजे पसरत नाही' असं हे थोडक्यात सांगतात. याचा मोठा पुरावा ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून २०११ मध्ये पुढे आला, त्या एचपीटीएन ०५२ मध्ये पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही सहभागी होती. लवकर सुरू केलेल्या उपचारानं जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. पुढे युरोपातल्या पार्टनर अभ्यासांत, लोड दबलेल्या जोडीदाराकडून निरोधशिवायच्या संबंधांतूनही एकही संसर्ग झाल्याचं आढळलं नाही. लोड दबायला साधारण सहा महिने लागतात, तोवर निरोध हवाच. इतर गुप्तरोग आणि नको असलेलं गर्भारपण टाळायला तो पुढेही उपयोगी पडतो.

हे तुम्हाला केंद्रात नीट बसवून कुणी सांगितलं नसेल, तर ती मोठी उणीव आहे. 'मी धोकादायक आहे' ही भावना मनातून काढायला याहून चांगलं औषध माझ्या माहितीत नाही.

नवऱ्यामुळे मला झालं. तो गेला आणि दोष मलाच देतात. राग कुठे काढू?

राग योग्यच आहे. ज्या बायकांनी लग्नाआधी आणि नंतर नवऱ्याशिवाय कुणाचा विचार केला नाही, त्यांनाच 'तुझ्या पायगुणानं गेला' म्हणून ऐकवलं जातं, हे महाराष्ट्रातल्या गावागावांनी बघितलं आहे. आणि त्या रागाच्या आतच नवऱ्याबद्दल प्रेमही असतं, त्याची शेवटची सेवाही त्यांनीच केलेली असते. दोन्ही एकदम वाटणं विचित्र नाही. त्याच्यावर रागावलात म्हणून तुमचं दुःख खोटं ठरत नाही.

पण रागाबरोबर कागदही हवेत. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि राहत्या घरातून बाहेर न काढलं जाण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. नवऱ्याच्या मालमत्तेतला वाटा एचआयव्हीमुळे जात नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. हातात स्वतःचे चार पैसे आणि डोक्यावर छप्पर आल्यावर झोप सुधारते. समुपदेशनानं जे सहा महिन्यांत होत नाही ते कधीकधी एका शिधापत्रिकेनं होतं.

मुलाला जन्मापासून एचआयव्ही आहे. त्याला कधी सांगू?

शाळकरी वयात, टप्प्याटप्प्यानं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, मुलाच्या समजेप्रमाणे सांगावं असाच आहे. लहानपणी 'तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते' इतकं पुरतं. पुढे त्याला नाव द्यायचं. त्यानंतर तो कुठून आला, कुणाला सांगायचं, कुणाला नाही.

आईबाप हे टाळतात कारण पुढचा प्रश्न 'तुम्हाला कसा झाला?' हा असतो. पण मूल दहा वर्षांचं झालं की त्याला बरंच कळलेलं असतं. केंद्राच्या दारावरची पाटी त्याला वाचता येते. खोटं सांगितलेलं कळलं की गोळी घेणंच बंद होतं, आणि किशोरवयात गोळ्या सुटण्याचं हे एक ठळक कारण आहे. आईवडील दोघंही गेलेल्या मुलांचा सांभाळ करणारे आजीआजोबा याबाबतीत फार एकटे पडतात. त्यांनी समुपदेशकाला सोबत घेऊन सांगावं. पुण्याचं मानव्य, लातूरजवळचं सेवालय, बीडचं इन्फंट इंडिया, अहिल्यानगरचं स्नेहालय या संस्थांनी अशी कितीतरी मुलं वाढवली. त्यांतली काही आज नोकरी करतात, काहींची लग्नं झाली.

नैराश्याच्या गोळ्या एआरटीबरोबर चालतात का? सवय लागेल का?

चालतात. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी नेहमीची औषधं टीएलडीबरोबर सर्रास दिली जातात. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका. त्यांची व्यसनासारखी सवय लागत नाही. बंद करताना मात्र डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू करायच्या. सवय लागते ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची.

मनोविकारतज्ज्ञांना एआरटी चालू असल्याचं सांगितलंच पाहिजे. फिट आणि मूडसाठी देतात ते कार्बामाझेपिन डोल्युटेग्रॅव्हिरचं रक्तातलं प्रमाण घटवतं. नैराश्यावरची 'नैसर्गिक' म्हणून विकली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पतीही तेच करते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ॲसिडिटीची पातळ औषधं यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर टीएलडी घ्यावी.

औषधांइतकेच बोलण्याचे उपचारही काम करतात. ठरावीक वेळी उठणं, थोडं चालणं, रोज एक छोटं काम पुरं करणं हे सौम्य नैराश्यात खरोखर उपयोगी पडतं. जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागही चालतो. तिथे पाऊल ठेवलं म्हणजे भरती करून घेतात, असं नाही.

दारूनं बरं वाटतं.

रात्रीपुरतं. दारूनं नैराश्य वाढतं, यकृतावर ताण येतो आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या रात्रीची गोळी राहते. पीत असाल तरी गोळी घ्या, 'आज प्यायलो म्हणून गोळी नको' असं करू नका. आणि दारू सोडायला मदत हवी असेल तर ती मागा. रोज भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

जगावंसं वाटत नाही.

हे लिहिलंत किंवा मनात आलं, तर आत्ता, हे पान बाजूला ठेवून, कुणाला तरी फोन करा. टेलि-मानस १४४१६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही. एचआयव्हीबद्दलच्या प्रश्नांसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. धोका समोर असेल तर ११२. तोवर एकटे राहू नका, शेजारच्या ओट्यावर जाऊन बसलात तरी चालेल.

असे विचार निदानानंतरच्या पहिल्या महिन्यांत, जोडीदार गेल्यावर आणि गुपित फुटल्यावर जास्त येतात. ते येतात आणि ओसरतातही. आज जे कायमचं वाटतं ते बऱ्याच जणांना काही आठवड्यांनी तितकं घट्ट वाटत नाही, विशेषतः कुणाशी बोलल्यावर आणि उपचार सुरू झाल्यावर.

घरच्यांसाठी: 'तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. शेतीची औषधं आणि जास्तीच्या गोळ्या कुलपात ठेवा. पोलीस केसच्या भीतीनं दवाखान्यात नेणं टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

कामावर कळलं तर काढतील, याच धास्तीनं झोप येत नाही.

नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालणं आणि केवळ एचआयव्ही आहे म्हणून काढणं, दोन्ही कायद्याला मंजूर नाही. मुंबई उच्च न्यायालयानं तर १९९७ मध्येच एका कामगाराच्या बाजूनं निकाल दिला होता: काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे रोजगार नाकारता येणार नाही. त्याचं नाव न्यायालयानं उघड होऊ दिलं नाही, निकालात तो 'एमएक्स' आहे. २०१७ च्या कायद्यानं हेच संरक्षण खासगी नोकरीपर्यंत नेलं. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक केलं.

कायदा असूनही त्रास देणारे देतात, हे मान्य. म्हणून कागदपत्रं जपा, बोलणं शक्यतो लेखी ठेवा आणि रजेच्या अर्जात आजाराचं नाव लिहू नका.

एचआयव्ही मुळापासून घालवतो म्हणणारा एक वैद्य आहे. मन शांत होईल म्हणून जाऊन बघू का?

नको. लोक तिथे पैसे तर घालवतातच, पण एआरटी बंद करून येतात.

माझी चाचणी निगेटिव्ह आहे, पण भीती जात नाही. सहा वेळा तपासलं.

ही भीती खरी आहे, तिचं कारण मात्र आता एचआयव्ही उरलेलं नाही. प्रसंगानंतर तीन महिन्यांनी केलेली चाचणी निगेटिव्ह असेल आणि मध्ये नवा धोका घेतला नसेल, तर तो विषय संपला. पुन्हा तपासल्यानं दोन दिवस बरं वाटतं आणि शंका आणखी जोमानं परत येते. सतत जीभ बघणं, गाठी चाचपणं, रात्री लक्षणं शोधणं हे चिंतेचे किंवा मंत्रचळेपणाचे प्रकार असू शकतात आणि ते छान बरे होतात. पुढची तपासणी मनोविकारतज्ज्ञांकडे करा. प्रसंग गेल्या ७२ तासांतला असेल तर गोष्ट वेगळी: आत्ता सरकारी रुग्णालयात जाऊन २८ दिवसांचं प्रतिबंधक औषध मागा.

डॉक्टरांसमोर तोंडच उघडत नाही. रांग मोठी असते. काय बोलू?

एकच वाक्य तयार करून जा आणि ते आत गेल्या गेल्या, गोळ्यांची डबी टेबलावर ठेवताना बोला. 'डॉक्टर, तीन आठवडे झाले, मला झोप नाही आणि कशात मन लागत नाही.' किंवा 'या महिन्यात चार गोळ्या चुकल्या, कारण उठावंसंच वाटत नव्हतं.' किंवा 'मला मरायचे विचार येतात, मला एकटं बोलायचंय.' बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवा, फोनवर टाइप करून दाखवा. समुपदेशक बाई वा सर गर्दीत असतील तर 'मी शेवटी थांबते, मला पंधरा मिनिटं द्याल का?' असं विचारा. बहुतेक जण देतात.

कुणी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून वाटेला लावलं, तर पुढच्या महिन्यात तेच वाक्य पुन्हा म्हणा आणि जोडून म्हणा: 'मला मनोविकार विभागाची चिठ्ठी द्या.' सरकारी रुग्णालयातलं एआरटी केंद्र अशी चिठ्ठी देतं, आणि ती मागणं तुमचा हक्क आहे.